अँडी फॅरेल: अठरा महिने आणि आठ सामने

विगनवासी

परवा ऑफिसात जेवताना रग्बीचा विषय निघाला. आयर्लंडचा कोच आणि २०२५ च्या दौऱ्यात लायन्सचा (ब्रिटन-आयर्लंडच्या एकत्रित संघाचा) कोच असलेला अँडी फॅरेल किती मोठा, यावर सगळ्यांचं एकमत झालं. मग एक तरुण सहकारी सहज बोलून गेला, "कोच म्हणून थोरच, पण खेळाडू म्हणून युनियनमध्ये फसला. इंग्लंडकडून जेमतेम आठ सामने." ते आठ सामने मला घरी येईपर्यंत डाचत राहिले. म्हणून हा धागा.

इथल्या बऱ्याच जणांना रग्बी म्हणजे एकच खेळ वाटतो, पण ते दोन खेळ आहेत, युनियन आणि लीग, म्हणून आधी थोडं मागे जातो. इंग्लंडच्या उत्तरेत खाणी आणि कापडगिरण्या होत्या आणि रग्बी खेळणारी मुलं तिथलीच कामगार. शनिवारी सामना म्हणजे कामाचा खाडा, आणि खाडा म्हणजे पगार कापला. उत्तरेतले क्लब म्हणत होते, निदान खाड्याचे पैसे तरी खेळाडूला द्या. लंडनच्या मंडळींना ते मान्य नव्हतं. २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेचे क्लब जमले आणि वेगळे झाले. त्यातून पुढे रग्बी लीग उभी राहिली. तेरा जणांचा संघ, आणि पकडलेला गडी उठून चेंडू पायाने मागे सारतो तो नियम. युनियनमध्ये पंधरा गडी आणि पकडल्यावर चेंडूसाठी दोन्ही बाजूंची झोंबाझोंबी. लीगचा पैसा घेतला की युनियनचे दरवाजे कायमचे बंद, असा प्रकार शंभर वर्षं चालला. १९९५ मध्ये युनियन स्वतःच व्यावसायिक झाली आणि मग उलटी वाहतूक सुरू झाली.

मी २००२ मध्ये नोकरीसाठी विगनला आलो. हे गाव लीगचं पंढरपूर आहे. लाल-पांढऱ्या आडव्या पट्ट्यांचा शर्ट इथे बारशालाही घालतात. आमच्या शेजारी एक निवृत्त खाणकामगार राहायचे. लीग मला त्यांनी शिकवली. दर सामन्याला मला बरोबर न्यायचे, खिशात दोन गरम पाई (मांसाचं सारण भरलेला भाजका पदार्थ) घेऊन, एक त्यांना आणि एक मला. (मी शाकाहारी आहे हे कळल्यावर पुढच्या वेळेपासून माझ्यासाठी चीज-कांद्याचा आणायचे, न विसरता.)

जेजेबी स्टेडियमवर मी तीन हंगाम फॅरेलला पाहिलं. सहा फूट चार इंच उंच, अंगापिंडाने आडवातिडवा, आणि हातात चेंडू आला की घड्याळजीची बोटं. समोरचे तीन जण अंगावर येताहेत, हा शांतपणे शेवटच्या क्षणापर्यंत थांबतो, त्यांना स्वतःकडे ओढून घेतो आणि बाहेरच्या मुलाच्या छातीवर पास ठेवतो. 'ठेवतो' हाच शब्द. टाकत नसे तो. ज्याच्याकडे पास जायचा त्याला मान वळवावी लागायची नाही.

त्याची लीगची कारकीर्द थोडक्यात सांगतो, कारण तिच्याशिवाय पुढचं समजणार नाही. जन्म ३० मे १९७५, विगनचाच. सोळाव्या वर्षी, १९९१ मध्ये, विगनकडून मैदानात. १९९३ मध्ये वेम्बलीवर चॅलेंज कपची फायनल जिंकली तेव्हा अठरा पूर्ण व्हायचे होते. त्याच वर्षी ग्रेट ब्रिटनकडून न्यूझीलंडविरुद्ध पदार्पण. एकविसाव्या वर्षी देशाचा कप्तान. १९९८ च्या पहिल्या सुपर लीग ग्रँड फायनलमध्ये लीड्सला १०-४ हरवणाऱ्या विगनचा कप्तान. विगनसाठी तीन हजारांहून जास्त गुण, ग्रेट ब्रिटनसाठी ३४ सामने. हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूचा 'मॅन ऑफ स्टील' किताब १९९६ आणि २००४ असा दोनदा, आणि २००४ मध्येच जगातला सर्वोत्तम म्हणून 'गोल्डन बूट'.

आणि मार्च २००५ मध्ये तो लंडनच्या सॅरासेन्स क्लबकडे, युनियनमध्ये गेला. पैशाचा काही भार इंग्लंडच्या युनियन संघटनेने उचलला होता, म्हणजे तो देशासाठी हवा होता हे उघड होतं. २००३ चा विश्वचषक जिंकलेला संघ विस्कळीत झाला होता आणि पुढचा विश्वचषक २००७ मध्ये होता. हिशेब सोपा होता: दोन वर्षांत खेळ शिकेल, एकतिसाव्या-बत्तिसाव्या वर्षी विश्वचषक खेळेल.

शरीराने तो हिशेब मोडला. आधी पावलाची शस्त्रक्रिया. मग गाडीचा अपघात. मग पाठीचं दुखणं. २००५-०६ चा पूर्ण हंगाम एकही सामना न खेळता गेला. सप्टेंबर २००६ मध्ये तो पहिल्यांदा सॅरासेन्सच्या दुसऱ्या फळीच्या संघातून उतरला. मार्च २००५ ते सप्टेंबर २००६, अठरा महिने. जे दोन हंगाम शिकण्यासाठी ठेवले होते, ते त्याने उपचारांत काढले.

त्यानंतर जेमतेम पाच महिन्यांत, ३ फेब्रुवारी २००७ रोजी, ट्विकनहॅमवर स्कॉटलंडविरुद्ध तो इंग्लंडच्या पंधरात होता. तो सामना ४२-२० असा जिंकला. त्या दिवशी जॉनी विल्किन्सनही २००३ च्या विश्वचषक फायनलनंतर, दुखापतींची रांग पार करून, पहिल्यांदा इंग्लंडकडून खेळत होता. म्हणजे दहा नंबरवर, खेळ चालवणाऱ्या जागी, तीन वर्षांनी परतलेला माणूस आणि त्याच्या शेजारी बारा नंबरवर पाच महिन्यांपूर्वी युनियनचा पहिला सामना खेळलेला माणूस! विल्किन्सनने एकट्याने २७ गुण केले, त्यामुळे दुसऱ्या दिवशी सगळीकडे त्याचंच नाव होतं.

विश्वचषकात १४ सप्टेंबरला दक्षिण आफ्रिकेने इंग्लंडला ३६-० असं झोडपलं. त्यात फॅरेल होता. विल्किन्सन जायबंदी, त्याच्या जागी खेळणारा बार्कली जायबंदी, दहा नंबरवर माईक कॅटला उभं केलेलं, असा तो सामना. नंतर टोंगाविरुद्ध बदली म्हणून येऊन त्याने एक ट्राय केला (म्हणजे समोरच्यांच्या रेषेपलीकडे चेंडू टेकवून गुण मिळवले). आणि ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या उपउपांत्य सामन्याआधी पोटरी गेली. संघ तिथून पार अंतिम सामन्यापर्यंत पोचला, हा बाहेर. इंग्लंडची जर्सी त्याने पुन्हा घातली नाही. २००९ मध्ये निवृत्ती.

माझं म्हणणं एवढंच आहे की 'फसला' हा शब्द त्याला लावू नका. त्याला तो खेळ जमला नाही असं म्हणायला आधी तो खेळायला मिळायला हवा होता. तुम्हाला काय वाटतं?

---

उजवा कोपरारक्षक

विगनवासी, लेख आवडला. रग्बीतलं मला फारसं कळत नाही, पण हे दुखणं कळतं.

मी लालबागच्या मातीत कबड्डी खेळलो. वयाच्या अकराव्या वर्षापासून अनवाणी. मग सगळं मॅटवर गेलं. खेळ तोच, चढाई तीच, चवडा काढायचा तोच, पण पायाखालचं बदललं. मातीत पाय घसरतो आणि त्या घसरण्यावर आपण शरीर सोडून देतो, तेच आपलं कसब. मॅटवर बूट घट्ट चिकटतो आणि अंग मात्र सवयीने वळतं. दुसऱ्याच महिन्यात पट काढायला गेलो, अंग वळलं आणि गुडघा जागच्या जागी राहिला. आतून ओलं फडकं फाटल्यासारखा आवाज आला. वेदना नंतर आली, आवाज आधी. आमच्या तेव्हाच्या संघातून सांगितलं गेलं की पट्टी बांध आणि शनिवारी उतर. उतरलो. त्यानंतर परत उतरता आलं नाही.

म्हणून विचारतो, या दोन रग्बींमध्ये शरीरासाठी एवढा फरक असतो का? चौदा वर्षं एका पद्धतीने घडवलेलं शरीर दुसऱ्या पद्धतीला कसं लागतं?

---

विगनवासी

कोपरारक्षक, तुमचं माती-मॅटचं उदाहरण चपखल आहे.

फरक मोठा आहे. लीगमध्ये पकडलं की पंच थांबवतो, तुम्ही उठता, चेंडू मागे सारता, बचाव दहा मीटर मागे जातो, आणि परत धाव. सहा वेळा पकडेपर्यंत चेंडू तुमचा. म्हणजे सतत मागेपुढे धावणं आणि समोरासमोरच्या धडका. युनियनमध्ये पकडल्यावर खेळ थांबत नाही. तिथेच जमिनीवर वाकून, कमरेतून पुढे झुकून, समोरच्याला ढकलून चेंडू राखायचा. लीगमधून आलेल्या माणसाला सगळ्यात अवघड जाते ती ही जागा. कधी आत घुसायचं आणि कधी बाहेर थांबायचं, हे पुस्तकातून येत नाही. शेकडो वेळा चुकून येतं. त्या चुका करायच्या काळात फॅरेल मैदानाबाहेर होता.

---

अस्थितज्ज्ञ

दोन शब्द माझ्या कामातले.

वाचताना मला सगळ्यात जास्त खटकलं ते त्याचं वय. एकोणतीस-तीस हे वय नोकरदार माणसासाठी तरुण. पण सोळाव्या वर्षी पुरुषांच्या संघात धडका खायला सुरुवात केलेल्या माणसाचं तीस म्हणजे चौदा हंगाम. सोळाव्या वर्षी हाडं अजून पूर्ण भरलेली नसतात.

पावलाची दुखापत लोक हलक्यात घेतात. पण धावताना प्रत्येक पावलाचा शेवटचा रेटा तिथूनच मिळतो. ते दुखायला लागलं की माणूस नकळत चाल बदलतो. कधी बाहेरच्या कडेवर भार, कधी दुसऱ्या पायावर. एक जागा सांभाळताना गुडघा, कंबर, पाठ यांच्यावर भार जातो आणि तिथलं जुनं दुखणं जागं होतं. माझ्याकडे येणाऱ्या खेळाडूंची फाईल बहुतेक वेळा अशीच जाड होते. पहिला कागद घोट्याचा आणि शेवटचा कमरेचा.

पोटरीचंही तसंच. तिशीनंतर पोटरी भरून आली असं वाटतं, माणूस जिना चढतो, हळू धावतो, आणि पहिल्या जोरदार उसळीला परत जाते. विश्वचषकासारख्या स्पर्धेत, दर आठवड्याला सामना असताना, त्यावर उपाय नाही. वेळ लागतो तेवढा लागतोच.

कोपरारक्षक, तुम्हाला पट्टी बांधून उतरवलं हे वाचून वाईट वाटलं. आतून आवाज आल्यावर उतरायचं नसतं हो. इथे कुणाची मुलं खेळत असतील तर एवढं लक्षात ठेवा: मार लागताना आवाज ऐकू आला आणि त्याच दिवशी सांधा सुजला, तर त्या मुलाचा सामना तिथेच संपला.

---

तिरका पास

मी या धाग्यावर विरोधी बाजू घेणार आहे. आदर ठेवून. मी पुण्यात बरीच वर्षं युनियन खेळलो आणि फॅरेलचे इंग्लंडसाठीचे बहुतेक सामने पाहिलेत.

दुखापती खऱ्या, पण पूर्ण उत्तर नाही. फॅरेल बारा नंबरवर, म्हणजे आतल्या सेंटरच्या जागी, पायाने कमी पडत होता. त्या जागेवर पहिल्या पाच पावलांत वेग लागतो. त्याच्याकडे डोकं होतं, पास होता, धैर्य होतं, पण ती पाच पावलं नव्हती. समोरचे संघ त्याच्या बाहेरून जायचे. हे दुखापतीने झालं असं म्हणता येईल, पण ऐन उमेदीतही त्याची ओळख वेगासाठी नव्हती. लीगमध्ये तो तेरा नंबरचा, म्हणजे मधल्या फळीतला चेंडू खेळवणारा माणूस. त्याच्यासारखी जागा युनियनमध्ये नाहीच.

तुलनेसाठी जेसन रॉबिन्सन घ्या. तोही विगनचा, तुमच्या १९९८ च्या फायनलमधला ट्राय त्याचाच. तो २००० मध्ये सेल या युनियन क्लबकडे आला आणि २००३ च्या विश्वचषक फायनलमध्ये ट्राय केला. का जमलं? कारण तो कडेला खेळायचा. मोकळी जागा आणि पाय. कडेवरच्याला नवीन खेळ निम्माच शिकावा लागतो. उलट हेन्री पॉल. तोही आधी विगनचाच, कलाकार माणूस. २००४ मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध इंग्लंडकडून बारा नंबरवर होता आणि अर्धा तास व्हायच्या आत त्याला बाहेर बोलावलं. त्याला कुठे दुखापत होती? जागाच तशी आहे.

आणि क्लबचं नि देशाचं एकमत नव्हतं हे तुम्ही लिहिलंच नाहीत, विगनवासी.

---

विगनवासी

तिरका पास, शेवटचा मुद्दा पूर्ण मान्य. तो मूळ लेखात यायला हवा होता.

सॅरासेन्सने त्याला आधी सहा नंबरवर, म्हणजे फ्लँकर (पुढच्या फळीतला कडेचा गडी) म्हणून पाहिलं. दुसऱ्या संघातून पहिला सामनाही तो त्याच जागी खेळला. इंग्लंडच्या डोक्यात मात्र बारा नंबर. नंतर क्लबनेही त्याला मागच्या फळीत नेलं. म्हणजे अठरा महिने अंथरुणाला खिळलेला माणूस उठला, तेव्हा त्याची खोली कोणती हेच ठरलेलं नव्हतं. आणि २००६ च्या शेवटी इंग्लंडचा कोचही बदलला. अँडी रॉबिन्सन गेला, ब्रायन अ‍ॅश्टन आला.

पण तुमच्या जेसन रॉबिन्सनच्या तुलनेत एक गोष्ट राहिली. १९९६ मध्ये विगन आणि बाथ हे दोन्हीकडचे विजेते एकमेकांशी दोन सामने खेळले, एक लीगच्या नियमांनी, एक युनियनच्या. लीगमध्ये विगनने ८२-६ असा फडशा पाडला, युनियनमध्ये बाथने ४४-१९ असं परत केलं. त्याच हिवाळ्यात जेसन रॉबिन्सन बाथकडून उसना खेळायला गेला. हेन्री पॉलही गेला. म्हणजे २००० मध्ये रॉबिन्सन आला तेव्हा दार त्याच्या ओळखीचं होतं. फॅरेल तेव्हा विगनमध्येच राहिला.

वेगाबद्दल वाद घालत नाही. पाच पावलं नव्हती, खरं आहे. पण पाय नसलेला आणि डोकं असलेला खेळाडू त्या जागेवर टिकतो का, याचं उत्तर मिळायला निदान एक पूर्ण, निरोगी हंगाम लागतो. तोच त्याला मिळाला नाही, यावर मी ठाम आहे.

---

पावसाळी ढग

मध्येच एक प्रश्न. ३ फेब्रुवारीचा इंग्लंड-स्कॉटलंड सामना म्हणजे कलकत्ता कपच ना? त्याचं नाव आपल्या कोलकात्यावरून आहे असं ऐकलं होतं.

---

तिरका पास

हो, तोच. कलकत्त्यात गोऱ्यांचा एक रग्बी क्लब १८७० च्या दशकात निघाला आणि काही वर्षांत बंद पडला. फौजेच्या पलटणी हलल्या, सभासद टेनिस-पोलोकडे वळले. बँकेत शिल्लक होती. ती चांदीच्या रुपयांत काढली, २७० रुपये वितळवले आणि त्याचा कप घडवून इंग्लंडच्या संघटनेला दिला. १८७९ पासून इंग्लंड-स्कॉटलंड त्यासाठी खेळतात. तीन नागांच्या कड्या आणि झाकणावर हत्ती. फार देखणं काम आहे, आपल्याकडच्या कारागिरांच्या हातचं.

फॅरेलने युनियनमध्ये देशासाठी खेळलेला पहिला सामना आपल्याकडच्या वितळलेल्या रुपयांसाठी होता, असंही म्हणता येईल.

---

पावसाळी ढग

वा! हे माहीत नव्हतं. आता कपचं छायाचित्र शोधून लेकीला दाखवते.

---

डब्लिनकर

मी उशिरा आले, पण या धाग्यात एक सामना राहून गेलाय.

२४ फेब्रुवारी २००७, डब्लिन, क्रोक पार्क. फॅरेलच्या पदार्पणाला तीन आठवडे झाले होते. क्रोक पार्क हे आयरिश खेळांचं मैदान आहे, गेलिक फुटबॉल आणि हर्लिंगचं. नोव्हेंबर १९२० मध्ये याच मैदानावर ब्रिटिश सशस्त्र दलांनी सामना बघायला आलेल्या लोकांवर गोळीबार केला होता. चौदा माणसं गेली. तिथल्या एका स्टँडला त्या दिवशी मारल्या गेलेल्या खेळाडूचं, मायकल होगनचं नाव आहे. परके समजले गेलेले खेळ तिथे खेळू द्यायचेच नाहीत असा नियम होता. रग्बीचं जुनं मैदान पाडून बांधायला घेतलं म्हणून तो शिथिल झाला, आणि तिथे इंग्लंडचा संघ उतरणार, त्यांचं राष्ट्रगीत वाजणार, याची सगळ्या देशाला धास्ती होती.

मी तेव्हा इथे नवीन होते. घरमालकांच्या दिवाणखान्यात, त्यांच्या ऐंशीच्या आईबरोबर बसून पाहिलं. इंग्लंडचं राष्ट्रगीत सुरू झालं तेव्हा आजींनी चहाचा कप खाली ठेवला आणि हात मांडीवर घट्ट धरले. मैदानातून एक शिट्टी आली नाही. गीत संपल्यावर टाळ्या पडल्या. मग आयर्लंडचं सुरू झालं आणि धिप्पाड फॉरवर्ड रडताना दिसले. आजी पण. मला तेव्हा इतिहास एवढा माहीत नव्हता, पण जालियनवाला बाग माहीत होती, त्यामुळे समजायला वेळ लागला नाही.

आयर्लंडने ४३-१३ असं हरवलं. हरलेल्या पांढऱ्या जर्सीत बारा नंबरवर फॅरेल होता.

तोच माणूस २०१६ मध्ये आयर्लंडचा बचावाचा कोच झाला, २०१९ च्या विश्वचषकानंतर मुख्य कोच. २०२२ मध्ये न्यूझीलंडमध्ये जाऊन २-१ ने मालिका जिंकली, २०२३ मध्ये ग्रँड स्लॅम (युरोपातल्या सहा देशांच्या स्पर्धेतले सगळे सामने जिंकणं), त्याच वर्षी जगातला सर्वोत्तम कोच. इथे त्याला कुणी परका मानत नाही. दुकानात, बसमध्ये, शाळेच्या फाटकाशी सगळे त्याला 'फॅझ' म्हणतात, घरच्यासारखं.

---

उजवा कोपरारक्षक

डब्लिनकर ताई, अंगावर काटा आला.

अजून एक विचारू का विगनवासींना? असं दुसऱ्या कुणाच्या बाबतीत झालंय का? म्हणजे दोन्हीकडे देशासाठी खेळला आणि शरीराने दगा दिला?

---

तिरका पास

मी सांगतो. सॅम बर्गेस.

५ ऑक्टोबर २०१४, सिडनी, ऑस्ट्रेलियन लीगची ग्रँड फायनल. सामन्याच्या पहिल्याच धडकेत जेम्स ग्रॅहमच्या डोक्यावर आपटून बर्गेसच्या गालाचं हाड मोडलं. तो खेळत राहिला. साऊथ सिडनीने ३०-६ असा सामना जिंकला, १९७१ नंतर पहिल्यांदा विजेतेपद, आणि सर्वोत्तम खेळाडूचं क्लाइव्ह चर्चिल पदक बर्गेसला. शेवटी एक डोळा जवळजवळ मिटलेला, चेहरा एका बाजूने सुजलेला.

मग तो युनियनमध्ये आला, बाथकडे. बाथने त्याला फ्लँकर म्हणून खेळवलं, इंग्लंडने २०१५ च्या विश्वचषकात सेंटर म्हणून. पुन्हा तेच! इंग्लंड साखळीतच बाहेर पडलं, सगळा राग त्याच्या निवडीवर निघाला आणि पाच सामन्यांनंतर तो परत सिडनीला, लीगकडे गेला. पुढे खांद्याच्या दुखण्याने २०१९ मध्ये, तिशीतच निवृत्त झाला.

त्या २०१५ च्या इंग्लंड संघाच्या कोचिंगमध्ये कोण होतं? फॅरेल.

---

विगनवासी

हे मलाही फार लागलं होतं. सहा नंबर की बारा नंबर या गोंधळात स्वतः भरडला गेलेला माणूस, आणि आठ वर्षांनी तोच गोंधळ दुसऱ्या उत्तरेच्या पोराच्या वाट्याला, आणि हा त्याच खोलीत. तिरका पास, तुमच्याशी इथे वाद नाही. त्या निवडीत फॅरेलचीही जबाबदारी होती आणि ती निवड चुकली, असं मी विगनमध्ये राहूनही म्हणेन.

---

अस्थितज्ज्ञ

पण गालाचं हाड मोडून खेळत राहणं हे शौर्य म्हणून सांगू नये, अशी माझी विनंती आहे. डोळ्याच्या खोबणीजवळची मोड असते ती. दुसरा मार त्याच जागी बसला असता तर आज त्याची गोष्ट वेगळी असती. खेळाडूला त्या क्षणी समजत नाही. बाहेर उभ्या असलेल्यांना समजायला हवं.

---

तिरका पास

मान्य. मी पदकाच्या भरात लिहिलं.

---

पावसाळी ढग

ओवेन फॅरेल हा त्याचाच मुलगा ना? तो तर इंग्लंडचा कप्तान होता!

---

विगनवासी

हो. आणि ओवेन युनियनकडे आला तो या दुखापतींनी भरलेल्या बदलीमुळेच. त्याचा जन्म १९९१ चा, वडिलांनी विगनकडून पदार्पण केलं त्याच वर्षीचा. २००५ मध्ये बिऱ्हाड दक्षिणेला हललं तेव्हा तो तेरा वर्षांचा, पक्का लीगचा पोरगा. हार्पेंडनच्या शाळेत युनियन खेळायला लागला. २००८ मध्ये, सतरा वर्षं पूर्ण झाल्यावर काही दिवसांतच, सॅरासेन्सकडून खेळला. वडील तेव्हा त्याच क्लबचे खेळाडू होते.

२०११ मध्ये सॅरासेन्सने लेस्टरला २२-१८ हरवून पहिल्यांदा प्रीमियरशिप, म्हणजे इंग्लंडमधल्या युनियन क्लबांची मुख्य स्पर्धा, जिंकली. एक ट्राय झाला, त्याचे पाच. बाकीचे सगळे १७ गुण एकोणीस वर्षांच्या ओवेनच्या पायातून आले. बाप कोचच्या खुर्चीत. आणि २०२५ मध्ये लायन्सच्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यावर कुणी जायबंदी झालं म्हणून बदली खेळाडू लागला, तेव्हा बोलावणं ओवेनला गेलं. मुख्य कोच वडील. मालिका २-१ ने जिंकली.

---

डब्लिनकर

विगनवासी, त्या तुमच्या शेजाऱ्यांचं काय झालं? फॅरेल गेल्यावर त्यांना कसं वाटलं? सुरुवातीला वाचल्यापासून ते माझ्या डोक्यात आहे.

---

विगनवासी

मार्च २००५ मध्ये बातमी आली त्या दिवशी त्यांनी कुंपणावरून मला हाक मारली नाही. दोन दिवसांनी बोलले, पण फॅरेलचं नाव नाही. पुढची दोन वर्षं सामन्याला जाताना जुन्या गोष्टी निघायच्या, १९९३ च्या वेम्बलीच्या, १९९८ च्या, आणि त्याच्यापर्यंत आल्या की ते म्हणायचे, 'आपला तेरा नंबर'. दुखापतीची एकेक बातमी आली की मी मुद्दाम सांगायचो. ते ऐकून घ्यायचे आणि विषय बदलायचे.

त्यांचे वडील आणि आजोबा खाणीत गेलेले. युनियनचा सामना त्यांच्या घरात कधी लागला नव्हता, आयुष्यात नाही. तो खाडा कापणाऱ्यांचा खेळ.

३ फेब्रुवारी २००७ च्या दुपारी दार वाजलं. बाहेर ते, हातात कागदी पिशवी, त्यात दोन पाई, एक चीज-कांद्याचा. म्हणाले, "तुझ्याकडे तो सामना लागतो ना?" दोन तास माझ्या सोफ्याच्या कडेवर बसून राहिले, पाठ न टेकता. विल्किन्सनच्या किकला मी टाळ्या वाजवल्या, त्यांनी नाही. फक्त फॅरेल दिसला की पुढे सरकायचे. एकदा तो टॅकलमधून जमिनीवर पडला, त्याच्या अंगावर चारपाच जण कोसळले आणि खेळ पुढे चालू राहिला. ते चटकन उभे राहिले आणि टीव्हीकडे हात करून म्हणाले, "अरे, त्याला उठू द्या ना. उठून खेळतो तो."